कनेक्टर काढलेला असतो तेव्हा

कुठल्याही कनेक्टरचा कॅटलॉग उघडून बघा, फोटोतला कनेक्टर एक तर नीट जोडलेला असतो नाहीतर नवाकोरा, पिनवर सोन्याचा मुलामा चकाकतोय, प्लॅस्टिकवर बोटाचा ठसासुद्धा नाही. खाली रेटिंग लिहिलेलं असतं, १००० व्होल्ट, ५००० व्होल्ट, जे काय असेल ते. त्यात लबाडी काही नसते, रेटिंग खरंच असतं, फक्त ते त्या फोटोतल्या कनेक्टरचं असतं. बॅगेच्या तळाशी किल्ल्या, धूळ आणि कागदाचे तुकडे यांच्यात चार महिने लोळलेल्या कनेक्टरचं नसतं. आणि हातात धरायच्या उपकरणाच्या नशिबी हा दुसराच कनेक्टर येतो.

मी अशाच उपकरणांवर काम करतो, म्हणजे छोटी, बॅटरीवर चालणारी, आणि पोटात हाय व्होल्टेज घेऊन फिरणारी. हाय व्होल्टेज म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर टॉवर येतात, कवटीचं चित्र असलेली पाटी येते. पण ते खिशातही असतं. कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधला कपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज होतो, रेडिएशन मोजणाऱ्या गायगर ट्यूबला ४०० पासून ९०० व्होल्टपर्यंत लागतात, अगदी मंद प्रकाश टिपणारी फोटोमल्टिप्लायर ट्यूब हजाराच्या आगेमागे चालते, भिंतीवर टांगलेला, बंद पडत्या हृदयाला झटका देणारा छोटा डिफिब्रिलेटर दीड-दोन हजारापर्यंत जातो. हे सगळं उभं करायचं ते छोट्याशा बॅटरीच्या मोजक्या व्होल्टमधून. फ्लॅश आणि डिफिब्रिलेटर सोडले तर करंट म्हणाल तर जवळपास नाहीच, मायक्रोअँपिअरमध्ये मोजायचा.

म्हणून या कनेक्टरमधला धातू हा तसा बिनमहत्त्वाचा भाग. केसासारखी पिन असली तरी तो करंट आरामात वाहून नेईल. सगळी जागा खातं ते अंतर. प्लॅस्टिक, हवा, प्लॅस्टिकचा पृष्ठभाग, परत हवा. मेकॅनिकलवाला विचारतो "हे मधे एवढं रिकामं का ठेवलंय", तर त्या रिकाम्याचंच तर डिझाईन आहे बाबा, पिन काय, पिन आपण नंतर बघू.

हवा कधी फुटते, म्हणजे तिच्यातून ठिणगी कधी पडते, याबद्दल प्रत्येकाला एक आकडा पाठ असतो, मिलिमीटरला ३ किलोव्होल्ट. या आकड्यानं जेवढा गैरसमज पसरवलाय तेवढा क्वचितच कुणी पसरवला असेल. तो आकडा सपाट, गुळगुळीत, समांतर प्लेटांमधल्या हवेचा आहे, समुद्रसपाटीवरच्या दाबाला. फ्रीडरिश पाशेननं १८८९ मध्ये दाखवून दिलं की हवा किती व्होल्टला फुटते हे दाब गुणिले अंतर यावर ठरतं, आणि त्या वक्राला एक तळ असतो. हवेसाठी तो साधारण ३२७ व्होल्टला येतो, समुद्रसपाटीच्या दाबाला सात-आठ मायक्रॉनच्या फटीत. म्हणजे त्या खाली हवेतून ठिणगी पडायची भीती जवळपास नाही, आणि त्या वर गेलात की प्रत्येक मायक्रॉनचा हिशोब द्यायचा. आमची उपकरणं नेमकी त्या तळाच्या जरा वर राहतात. हवा अजून दयाळू असते, पण सवलत संपत आलेली असते.

आणि डोंगरावर गेलात की ती सवलत अजून घटते. हवा विरळ झाली की लवकर फुटते. इन्सुलेशनच्या अंतरांचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे आयईसी ६०६६४-१, त्यात क्लिअरन्सचे, म्हणजे हवेतल्या सरळ अंतराचे, आकडे २००० मीटर उंचीपर्यंतचे आहेत, आणि ५००० मीटरसाठी त्याला १.४८ नं गुणायचं. भिंतीतल्या मशीनची उंची आधीच माहीत असते, ते जिथे बसवलं तिथेच मरतं. पोर्टेबल म्हटलं की कुणीतरी ते घेऊन नक्की चढणार, आणि वर पोचल्यावर ते चालू पण करणार.

पण खरं सांगू का, हवा हा या धंद्यातला प्रामाणिक शत्रू आहे. गणितानं येते, गणितानं जाते, आणि एखादी ठिणगी पडली तरी हवा पुन्हा पहिल्यासारखी होते, मनात काही ठेवत नाही. पृष्ठभाग तसा नाही. पृष्ठभाग लक्षात ठेवतो.

दोन पिनांमधल्या प्लॅस्टिकवरून, पृष्ठभागाला चिकटून मुंगी चालत गेली तर तिला जेवढं चालावं लागेल ते क्रीपेज. त्यावर धूळ बसते, धुळीत ओल धरते, ओलीतून अगदी थोडा करंट सरकायला लागतो. त्या करंटनं तो ओलसर पापुद्रा तापतो आणि जिथे सगळ्यात पातळ असेल तिथे आधी सुकतो. आता सगळं व्होल्टेज त्या एका सुकलेल्या पट्टीवर येऊन पडतं, बारीकशी ठिणगी उडते, खालचं प्लॅस्टिक तेवढ्यापुरतं जळतं आणि मागे कार्बनचा ठिपका सोडतं. कार्बन करंट वाहून नेतो. म्हणजे पुढच्या वेळी शर्यत त्या ठिपक्यापासून पुढे सुरू होते. असं करत करत एक काळी फांदी एका पिनकडून दुसरीकडे वाढत जाते, आणि एक दिवस पोचते. याला ट्रॅकिंग म्हणतात, आणि हे एका रात्रीत होत नाही, म्हणूनच टेस्टिंगमध्ये पास झालेला कनेक्टर तिसऱ्या वर्षी दगा देतो.

प्लॅस्टिक याला किती तोंड देतं ते मोजायची टेस्ट बघायला मला अजूनही आवडते. सपाट नमुन्यावर प्लॅटिनमचे दोन छिन्नीसारखे इलेक्ट्रोड ४ मिलिमीटर अंतरावर टेकवतात, व्होल्टेज लावतात, आणि वरून दर ३० सेकंदांनी अमोनियम क्लोराइडच्या ०.१ टक्का द्रावणाचा एक थेंब पाडतात. थेंब पडला की चर्र होतं, वाफ निघते, निळसर-पिवळी ठिणगी थयथयते, मग शांत. परत थेंब. असे ५० थेंब सोसले आणि त्या दरम्यान अर्ध्या अँपिअरवर दोन सेकंद करंट गेला नाही, आग लागली नाही, तर त्या व्होल्टेजला पास. जितकं व्होल्टेज सोसेल तितका त्याचा सीटीआय, म्हणजे कंपॅरेटिव्ह ट्रॅकिंग इंडेक्स. ६०० किंवा वर असेल तर गट एक, ४०० ते ५९९ गट दोन, त्याखाली गट तीन. काही प्लॅस्टिक बाराव्या-पंधराव्या थेंबालाच हात टेकतात, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा ती महागातली असतात.

हे मला सुरुवातीला पटायचंच नाही. एलसीपी, पीपीएस, पीक ही सगळी भारी नावं, दोन-अडीचशे अंश तापमान हसत हसत सोसणारी, आणि ट्रॅकिंगमध्ये मात्र सीटीआय कुठे तरी दीडशेच्या आसपास रेंगाळलेला. कारण त्यांच्या रेणूत बेंझीनच्या कड्या ठासून भरलेल्या असतात, त्या कड्यांमुळेच ती उष्णता सोसतात, आणि जळलं की त्याच कड्या कार्बन होऊन मागे राहतात. टेफ्लॉनचं उलटं. ते मागे काही ठेवतच नाही, वाफ होऊन निघून जातं, म्हणून सीटीआय ६०० च्या वर. मग टेफ्लॉनच वापरा ना सगळीकडे? तर ते नेहमीच्या इंजेक्शन मोल्डिंगमध्ये वाहत नाही, कातून काढावं लागतं, त्याला काही चिकटत नाही, आणि सतत दाब ठेवला तर हळूहळू दबत सरकत राहतं, म्हणजे घट्ट बसवलेली पिन वर्षभरात सैल. आगीतून फुफाट्यात.

एलसीपीचा मोह मोल्डिंगवाल्यांना का पडतो तेही समजतं. ते पाण्यासारखं वाहतं, दोन दशांश मिलिमीटरच्या भिंतीत सुद्धा शेवटपर्यंत जातं, साच्यातून निघाल्यावर वाकत नाही, वर सोल्डरिंगच्या ओव्हनमधून बिनधास्त जातं. बारीक पिचचे, म्हणजे पिना अगदी जवळजवळ असलेले, कनेक्टर बहुतेक त्याचेच असतात. त्यांच्यासाठी ते योग्यच आहे, पाच व्होल्टला ट्रॅकिंग कुठलं व्हायला. पण मग कुणीतरी म्हणतं, साचा तयार आहे, मटेरियल तेच, फक्त मधल्या दोन पिना काढून टाकू आणि याच्यातून हजार व्होल्ट नेऊ. इथे मी मीटिंगमध्ये जरा चढ्या आवाजात बोलतो. पिना काढून अंतर मिळालं, बरोबर, पण हजार व्होल्टला, नेहमीच्या घरगुती-ऑफिसच्या धुळीत, म्हणजे स्टँडर्डच्या भाषेत पोल्यूशन डिग्री २ मध्ये, गट एकच्या प्लॅस्टिकला ५ मिलिमीटर क्रीपेज पुरतं, गट दोनला ७.१ लागतं आणि गट तीनला १०. फक्त प्लॅस्टिक बदललं तर कनेक्टर दुप्पट होतो. उपकरणाची जाडी जिथे २० मिलिमीटरवर अडवून ठेवलीय तिथे ५ आणि १० मधला फरक म्हणजे प्रॉडक्ट होणार की नाही एवढा मोठा फरक.

आता मूळ मुद्द्यावर येतो. वरचे आकडे डिग्री २ चे. कनेक्टर जोडलेला असेल, मधे रबरचं सील दाबून बसलेलं असेल, तर आतली जागा डिग्री १ मानता येते, आणि मग त्याच हजार व्होल्टला ३.२ मिलिमीटर पुरतात. तोच कनेक्टर काढला, उघडा बॅगेत टाकला, ओल आणि वाहक धूळ लागली, की डिग्री ३, आणि गट एकच्या उत्तम प्लॅस्टिकला सुद्धा १२.५ मिलिमीटर. एकच वस्तू, एकच पिन, एकदा ३.२ आणि एकदा १२.५. कॅटलॉगवाला पहिला आकडा धरतो आणि वापरणारा दुसऱ्यात जगतो.

यावर हुशार माणूस लगेच म्हणतो, काढलेला असताना व्होल्टेज बंदच ठेवू की, मग कशाला हवेत साडेबारा. मलाही हे बरेच दिवस पटलेलं होतं, कागदावर ते चोख आहे. अडचण अशी की कनेक्टर उघडा असताना जी घाण बसते ती जोडताना बाहेर थांबत नाही. ती आत जाते, वरून आपण इतकं छान सील लावलेलं असतं की ती आता बाहेर पण येऊ शकत नाही, ओल पण अडकली, आणि मग आपण व्होल्टेज चालू करतो. सील घाण बाहेर ठेवतं हे खरं, पण ते घाण आत पण ठेवतं.

हे मी सगळ्यात जवळून पाहिलं ते रेडिएशन मोजायच्या मीटरवर. त्याचा प्रोब वेगळा असतो, मीटरला केबलनं जोडायचा. यात एक सुंदर काटकसर असते, एकाच कोअॅक्स केबलमधून, म्हणजे मधे एक तार आणि भोवती धातूचं शील्ड असलेल्या केबलमधून, प्रोबला हजार व्होल्ट जातात आणि त्याच तारेवरून प्रोबचे इवलेसे पल्स परत येतात, मीटरच्या आत एक कपॅसिटर हजार व्होल्टना अडवतो आणि पल्स तेवढे पुढे सोडतो. एक पिन, एक शील्ड, काम झालं. पण याचा अर्थ असा की त्या तारेवर कुठेही काहीही थरथरलं तर मीटर त्याला पल्स समजणार.

ह्युमिडिटी चेंबरमध्ये एक युनिट लावलेलं होतं, जवळपास कुठलाही किरणोत्सर्गी सोर्स नाही, मीटरवर नेहमीची पार्श्वभूमीची टकटक, मिनिटाला मोजकी. ओल वाढत गेली तशी टकटक वाढायला लागली. आधी सगळ्यांनी प्रोबवर संशय घेतला, मग सॉफ्टवेअरवर, सॉफ्टवेअरवर तर नेहमीच घेतात. प्रोब काढून नुसती केबल ठेवली तरी आकडा चढतोच आहे. म्हणजे रेडिएशन वगैरे काही नाही, कनेक्टरच्या तोंडातच कुठेतरी बारीक बारीक डिस्चार्ज होतोय आणि मीटर इमानेइतबारे त्याला किरणोत्सर्ग म्हणून मोजतंय. अंधार करून भिंगातून पाहिलं तरी ठिणगी अशी दिसत नव्हती, कुठे काळा डागही नव्हता. प्लगच्या पांढऱ्या इन्सुलेटरवर तिरपा टॉर्च मारला तेव्हा मात्र एक अंगठ्याचा ठसा दिसला, पूर्ण, रेषा मोजता येतील इतका स्वच्छ. कुणीतरी जोडताना तिथे धरलं असणार, तिथे धरायला सोयीचंच होतं म्हणा. घामातलं मीठ ओल ओढून घेतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं, सुकवलं, परत चेंबरमध्ये टाकलं, आकडा जागेवर.

हे ठिणगी पडण्यापेक्षा वाईट आहे असं माझं मत. ठिणगी पडली की उपकरण बंद पडतं, माणूस वैतागतो, दुरुस्तीला पाठवतो. इथे उपकरण छान चालू आहे आणि खोटं बोलतंय. आणि असं खोटं जे कधी घाबरवेल आणि, जास्त काळ चाललं की, "हा मीटर असाच दाखवतो" म्हणून खऱ्या आकड्याकडेही दुर्लक्ष करायला लावेल. त्या दिवसानंतर मी इन्सुलेटरचं तोंड हे बोटापासून आत ठेवायच्या गोष्टींमध्ये धरायला लागलो, पिनइतकंच.

बोटाचं पण स्टँडर्ड असतं. १२ मिलिमीटर जाड आणि ८० मिलिमीटर लांब, सांधे असलेलं धातूचं बोट, ते कुठल्याही भोकातून आत घालून व्होल्टेजला टेकतं का बघायचं. छोट्या कनेक्टरला ही परीक्षा फारच सोपी जाते, भोकच ५ मिलिमीटरचं, बोट दारातच अडतं, आणि सर्टिफिकेट मिळून जातं. खरी परीक्षा कागदाच्या क्लिपची आहे, केसाच्या पिनेची आहे, किल्लीच्या टोकाची आहे. त्यासाठी १ मिलिमीटरच्या तारेची वेगळी टेस्ट असते, ती करा, कुणी मागितली नसली तरी करा.

अंतर वाढवायची नेहमीची युक्ती म्हणजे वळणं. जागा तेवढीच, पण पृष्ठभागाला खाचा पाडायच्या, कंगोरे उभे करायचे, म्हणजे मुंगीला वरखाली करत जावं लागेल. नवीन डिझायनरला हे सापडलं की तो खूश होऊन दोन दशांश मिलिमीटरच्या आठ खाचा काढून आणतो, कॅडमध्ये क्रीपेज दुप्पट. स्टँडर्ड म्हणतं तुमच्या त्या खाचा आम्ही मोजणारच नाही. डिग्री २ मध्ये खाच निदान १ मिलिमीटर रुंद हवी, डिग्री ३ मध्ये १.५, त्यापेक्षा अरुंद असेल तर ती आहे असं समजायचंच नाही, सरळ तिच्यावरून पूल बांधून मोजायचं. हवेतलं अंतर मुळातच ३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर थोडी सूट आहे, त्या अंतराच्या एक तृतीयांश. नियम जाचक वाटतो पण बरोबर आहे, अरुंद खाच धुळीनं भरते आणि थेंब तिच्यावर पूल करूनच बसतो. त्यापेक्षा एकच खोल, रुंद कप, आणि समोरच्या प्लगवर त्यात घुसणारी एकच उंच नळी. वापरात तरी हेच टिकतं.

पिनेच्या जाडीबद्दल एक उलटी गोष्ट आहे जी मला फार आवडते. गोल शील्डच्या मधोमध गोल पिन, शील्डचा आतला व्यास ५ मिलिमीटर, मधे हजार व्होल्ट. साधी बुद्धी सांगते पिन जितकी बारीक तितकी शील्डपासून लांब, तितकं चांगलं. पण पिन बारीक झाली की तिच्या पृष्ठभागावर फील्ड, म्हणजे दर मिलिमीटरला पडणारं व्होल्टेज, एकवटतं. दोन दशांश मिलिमीटर व्यासाच्या पिनेवर हिशोब केला तर मिलिमीटरला ३.१ किलोव्होल्ट येतात, चार दशांशच्या पिनेवर जवळपास २, आणि व्यास १.८४ पर्यंत वाढवला तर फक्त १.१. याच्या पुढे अजून जाड केली तर अंतर खरंच कमी पडायला लागतं आणि आकडा परत चढतो. सगळ्यात चांगली जागा कुठे, तर शील्डचा व्यास भागिले पिनेचा व्यास २.७१८ येईल तिथे. हो, गणितातला तोच ई. बारीक तारेभोवतीची हवा पाठ्यपुस्तकातल्या ३ पेक्षा जरा जास्त सोसते हे मान्य, पण म्हणून तिला छळायचं कशाला. तर करंटसाठी केसाएवढी पिन पुरत असताना आपण मुद्दाम जाड, गोल टोकाची पिन घालतो, आणि बघणाऱ्याला वाटतं हिच्यातून केवढा तो करंट जात असेल.

याहून छुपी जागा म्हणजे प्लॅस्टिक आणि प्लॅस्टिक यांच्यामधली फट. प्लग सॉकेटात शिरायचा तर मधे काही शतांश मिलिमीटर मोकळीक द्यावीच लागते. त्या फटीत हवा असते, आणि फील्ड प्लॅस्टिकमधून आडवं जात हवेत शिरलं की प्लॅस्टिकच्या परमिटिव्हिटीच्या पटीत वाढतं, म्हणजे साधारण तिप्पट. दोन्ही बाजूंना भक्कम इन्सुलेशन आणि मधल्या त्या पापुद्र्यातच डिस्चार्ज. दिसत नाही, फक्त ओझोनचा वास येतो आणि हळूहळू प्लॅस्टिक खरवडलं जातं. यावरचा खरा उपाय म्हणजे फटच मिटवणं. एका बाजूला मऊ सिलिकॉनचा शंकू ठेवायचा, दुसऱ्या बाजूला कडक खड्डा, जोडताना शंकू दाबला जातो आणि हवा टोकाकडून मागे ढकलली जाते. हवेला बाहेर पडायला वाट मात्र ठेवायची, नाहीतर ती आतच दाबून बसते, प्लग शेवटच्या मिलिमीटरला परत बाहेर येतो आणि वापरणारा तो हातानं कोंबतो. सिलिकॉन ग्रीस लावा असं मॅन्युअलमध्ये लिहिणारे लिहितात. ग्रीसला धूळ चिकटते, मग माणूस ते पँटला पुसतो. मॅन्युअलमध्ये लिहून जी गोष्ट होणार आहे तिच्यावर मी इन्सुलेशन सोपवत नाही.

काढताना काय होतं हा वेगळाच अध्याय आहे आणि त्यात जुन्या लोकांनी ठेचा खाऊन ठेवल्यात. एमएचव्ही नावाचा एक जुना कनेक्टर आहे, दिसायला साध्या सिग्नलसाठी वापरतात त्या बीएनसी कनेक्टरसारखाच, इतका की जोर लावला तर बीएनसीवर बसतो सुद्धा. झालं, हजार व्होल्ट सिग्नलच्या इनपुटमध्ये. शिवाय काढताना त्याचं ग्राउंड मधल्या पिनेच्या आधी सुटू शकतं, म्हणजे हातात असलेलं धातूचं कवच क्षणभर हाय व्होल्टेजला. मग एसएचव्ही आला, ५ किलोव्होल्टचा, त्यात इन्सुलेटर पुढे लांब काढलेला, पिन आत खोल, जोडताना ग्राउंड आधी लागतं आणि काढताना शेवटी सुटतं, आणि बीएनसीवर बसत नाही. सगळं बरोबर केलं, फक्त तो लांब झाला. हातातल्या उपकरणाच्या बाजूला एसएचव्ही लावला तर उपकरण त्याला लटकल्यासारखं दिसतं.

आमच्यासारखे मग क्रम स्वतः घडवतात. ग्राउंड लांब, हाय व्होल्टेज त्याहून आखूड, आणि एक तिसरी छोटी इंटरलॉक पिन सगळ्यात आखूड, जी काढताना सगळ्यात आधी सुटते आणि हाय व्होल्टेज बनवणाऱ्या कन्व्हर्टरला सांगते की बंद हो. कन्व्हर्टर लगेच बंद होतो. पण साठलेला चार्ज? समजा आउटपुटला १० नॅनोफॅरड आहेत आणि ते रिकामे करायला १०० मेगाओहमचा रेझिस्टर. हजारावरून ६० व्होल्टवर यायला जवळपास २.८ सेकंद लागतात, आणि हात प्लग त्याच्या कितीतरी आधी बाहेर काढतो. रेझिस्टर १० मेगाओहम केला तर पाव सेकंदाच्या जरा वर, पण मग उपकरण चालू असताना तोच रेझिस्टर सतत ०.१ वॅट जाळत राहणार, बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूत हे म्हणजे टाकीला भोक पाडून पाणी भरण्यासारखं. शेवटी एक ट्रान्झिस्टर लावायचा जो इंटरलॉक सुटल्यावरच कपॅसिटरला झटक्यात ग्राउंड करतो. एक कनेक्टर छोटा करायचा म्हणून बोर्डवर अजून पाच पार्ट वाढले, आणि बोर्डवाला विचारतो हे तुमचं कॉम्पॅक्ट का.

धोका किती हे मात्र कपॅसिटर बघून ठरवावं, व्होल्टेज बघून नाही. दीड मीटर कोअॅक्स केबलमध्ये साधारण १५० पिकोफॅरड, हजार व्होल्टला ७५ मायक्रोज्यूल, टोचेल, शिवी येईल तोंडात, बाकी काही नाही. फ्लॅशचा १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर फक्त ३०० व्होल्टला असतो आणि त्यात साडेचार ज्यूल, म्हणजे साठ हजार पट. त्या ३०० वाल्याला मी जास्त घाबरतो. म्हणून करंट अडवणारा रेझिस्टर नेहमी कनेक्टरच्या अलीकडे, उपकरणाच्या आत. प्रोबच्या आत लावला तर उघड्या तोंडाला त्याचा काहीच उपयोग नाही.

डस्ट कॅपबद्दल दोन शब्द. प्रत्येक रिव्ह्यूत कुणीतरी म्हणतंच, टोपण देऊ की. टोपण हरवतं. दोरीनं बांधलं तर दोरी तुटते, किंवा टोपण आडवं येतं म्हणून माणूस ती कापतो. टोपण द्यावं, नक्की द्यावं, पण हिशोबात ते नाही असं धरून अंतरं ठरवावीत.

या सगळ्यातून गेल्यावर साहजिक प्रश्न पडतो की हाय व्होल्टेज कनेक्टरमधून न्यायचंच कशाला. कन्व्हर्टर प्रोबमध्ये टाका, केबलमधून पाच व्होल्ट आणि डेटा न्या, कनेक्टर कुठलाही साधा चालेल, घाण बसली तर पुसा, ओला झाला तर सुकवा. नवीन डिझाईन असेल तर माझं उत्तर हेच आहे आणि यावर माझे सहकाऱ्यांशी वादही झालेत. त्यांचं म्हणणं, प्रोब जाड होतो, प्रत्येक प्रोबला स्वतःचा कन्व्हर्टर आणि त्याचं कॅलिब्रेशन, आणि कन्व्हर्टरचा स्विचिंगचा आवाज थेट त्या नाजूक पल्सच्या शेजारी येऊन बसतो. तिन्ही खरं आहे. शील्डिंग करून, पॉटिंग करून, म्हणजे सगळं रेझिनमध्ये बुडवून घट्ट करून, ते सोडवता येतं, आणि पॉटिंग करायचं तर व्हॅक्यूममध्ये, कारण आत एक बुडबुडा राहिला की तो पण तीच हवेची फट, फक्त आता कायमची गाडलेली. पण ही सगळी भांडणं फॅक्टरीच्या आत मिटतात, स्वच्छ हातांनी, मोजून. वापरणाऱ्याच्या बॅगेत जाऊन मिटवायला लागत नाहीत. हातात धरायच्या एक्सरे अॅनालायझरमध्ये ५० किलोव्होल्टपर्यंत जातात आणि तिथे हाय व्होल्टेजचा कनेक्टर वापरणाऱ्याच्या हाती देण्याचा विचारही कुणी करत नाही, ट्यूब आणि सप्लाय आतच बंदिस्त. हजार व्होल्टला आपण तो देतो कारण हजार व्होल्ट जमून जातात.

अडतं ते जुन्या प्रोबवर. चांगले, वर्षानुवर्षं चाललेले, अजून अचूक असलेले प्रोब लोकांकडे आहेत आणि ते हजार व्होल्ट त्या एकाच तारेवरून मागतात. ते फेकून द्या असं सांगायची माझी तरी हिंमत नाही, आणि सांगितलं तरी कुणी ऐकणार नाही. म्हणून सध्याच्या डिझाईनमध्ये दोन्ही आहेत. एक साधा कनेक्टर नवीन प्रोबसाठी, आणि शेजारी तो दुसरा, सिलिकॉनच्या शंकूचा, जाड पिनेचा, १.५ मिलिमीटर रुंद एकच खाच असलेला, इन्सुलेटरचं तोंड अंगठा पोचणार नाही इतकं आत. त्यामुळे उपकरण चार मिलिमीटर जाड झालंय आणि इंडस्ट्रियल डिझाईनवाले अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.